रोज फिरायला जाणारे बाबा घरातच का अडखळतात?

पिंपळपार
वडील ७६ वर्षांचे. पहाटे उठून टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणं हा त्यांचा जुना नेम. मधुमेह आहे, पण गोळ्यांवर आटोक्यात. गुडघे ठीक, ऐकू नीट येतं, चक्कर अजिबात नाही. तरीही गेल्या वर्षभरात घरात वावरताना भिंतीला हात लावत चालायला लागलेत. कोणी हाक मारली आणि चटकन मागे वळले की झोक जातो. रात्री दिवा न लावता बाथरूमला गेले तर आणखीच. नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आता वय झालं, जपून चाला." वय झालं हे आम्हालाही ठाऊक होतं.

म्हणून थोडं वाचलं. तोल सांभाळायला मेंदूकडे तीन ठिकाणांहून खबर येते. एक डोळ्यांकडून. दुसरी आतल्या कानाकडून: तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं वळलेलं सांगतात, शेजारचे दोन छोटे कोष कललेलं सांगतात. तिसरी तळपाय, घोटे, मान इथले सांधे, स्नायू आणि त्वचा यांच्याकडून. तरुणपणी एखादी खबर कमी पडली तर बाकीच्या दोन निभावून नेतात. उतारवयात तिन्ही थोड्याथोड्या मंदावतात. कानातल्या संवेदनपेशी कमी होतात, तळपाय बोथट होतात, तेवढंच दिसायला जास्त उजेड लागतो. शिवाय हे सगळं जुळवून स्नायूंना हुकूम सोडायला मेंदूला पूर्वीपेक्षा वेळ लागतो.

रात्रीचा प्रकार यावरून समजला. पायांची खबर आधीच पुसट, त्यात अंधाराने डोळे काढून घेतले, मग उरला फक्त कान. रोम्बर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाणारी तपासणी हेच बघते: पाय जुळवून उभं करायचं आणि डोळे मिटायला सांगायचं. (घरी करणार असाल तर हात पसरून अगदी जवळ उभे राहा.)

माझा प्रश्न असा की माणूस रोज एवढा चालतो, मग तोल का सुधारत नाही? तुमच्या घरी ज्येष्ठांचं काय चाललंय, कशाचा उपयोग झाला, तेही लिहा.

वेखंड
मी फिजिओ आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

तुमच्या प्रश्नातच गोम आहे. सरळ, ओळखीच्या रस्त्यावर एका लयीत चालणं हा हृदयाचा आणि फुप्फुसांचा व्यायाम आहे. तोलाचा फारसा नाही. रोज त्याच वाटेने, त्याच वेगाने गेलात तर शरीराला तोल सावरायची वेळच येत नाही. घरात मात्र वळावं लागतं, वाकावं लागतं, स्टुलाला वळसा घालावा लागतो, हातात चहाचा कप असतो आणि तेवढ्यात नातू मध्ये येतो. बाबा घरातच अडखळतात यात मला काही नवल वाटलं नाही.

कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्या एकत्र करून पडताळणारी संस्था. तिच्या २०१९ च्या आढाव्यात शंभराहून जास्त चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. व्यायामाने ज्येष्ठांचं पडणं साधारण २३ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यात खरं काम केलं ते तोलाच्या आणि उठण्याबसण्याच्या व्यायामांनी. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असं मात्र त्यातून सिद्ध झालं नाही. माझ्याकडे येणारे काका-काकू हे ऐकून नाराज होतात, कारण मॉर्निंग वॉकचा अभिमान मोठा असतो. वॉक बंद करा असं मी म्हणत नाही. तो तोलाच्या खात्यात जमा धरू नका, एवढंच.

दुसरं म्हणजे ताकदीपेक्षा चपळाई आधी जाते. स्नायूंतले झटपट आकसणारे तंतू वयाबरोबर जास्त झिजतात. तोल गेल्यावर माणूस वाचतो तो पटकन पुढे टाकलेल्या पावलामुळे. मांडीत जोर आहे, पण पाऊल अर्धा सेकंद उशिरा पडलं, तर त्या जोराचा उपयोग काय?

आणि ठेचेबद्दल. चालताना पाऊल पुढे झुलतं तेव्हा एका क्षणी बोटं आणि जमीन यांत जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचं अंतर असतं. तरुणांचंही एवढंच. ज्येष्ठांमध्ये हे अंतर दर पावलाला कमीजास्त होत राहतं, आणि एखादं पाऊल खाली राहतं. उंबरा सहसा दिसतो, म्हणून त्यावर पाय उचलला जातो. पाडतात ते पायपुसण्याचा मुडपलेला कोपरा, नखभर वर आलेली फरशी आणि फुटपाथवरचा उचकटलेला पेव्हर ब्लॉक.

खडूस_काका
आमच्या आज्या नव्वदीपर्यंत टुकटुकीत जगल्या. त्यांना कोणी तोलाचे व्यायाम शिकवले होते? हल्ली प्रत्येक गोष्टीला थेरपी लागते.

वेखंड
खडूस_काका, आज्यांचा दिवसच व्यायामाचा होता. जमिनीवर बसून भाजी चिरायची, उकिडवं बसून केर काढायचा, हाताचा आधार न घेता उठायचं, डोक्यावर हंडा घेऊन अंगणातून यायचं. खुर्ची, कमोड आणि डायनिंग टेबल आल्यावर हे सगळं गेलं. मी शिकवते ते बरंचसं तेच असतं, फक्त ओट्याला धरून.

पण ज्या आज्या खुबा मोडून खाटेला खिळल्या आणि सहा महिन्यांत गेल्या, त्यांच्याबद्दल घरात "पडल्याचं निमित्त झालं" एवढंच बोललं जायचं. त्याही आपल्याच आज्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार जगात वर्षाला ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, आणि त्यांत सर्वाधिक साठीच्या पुढची.

खडूस_काका
हंड्याचा मुद्दा मान्य. बाकी राखून ठेवतो.

सोनटक्का
रत्नागिरीहून. आमच्याकडे जूनपासून दसऱ्यापर्यंत प्रश्न निराळा. अंगणातल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि धडधाकट माणूसही आडवा होतो. सासूबाई ८१ च्या, न्हाणीघर घराबाहेर. आम्ही ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासतो, पण चार दिवसांत पुन्हा हिरवं. शेवटी न्हाणीघरापर्यंत दोन्ही बाजूंनी कमरेएवढ्या उंचीचा लोखंडी पाइप लावला. सुरुवातीला त्या म्हणाल्या, "मी काय गुरं आहे, कुंपण घालायला?" आता त्यावरच कपडे वाळत घालतात. तेवढं एक सोडवायचं राहिलंय.

चपलांबद्दल कोणीतरी लिहा. झिजलेल्या रबरी सपाता हा खरा वैरी.

वेखंड
सपातांबद्दल शंभर टक्के. मागे पट्टा हवा, तळ पातळ पण खरबरीत हवा. फार मऊ, जाड गादीचे बूटही नकोत, पायाखाली काय आहे तेच कळत नाही. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे घालून फिरणं तर नकोच नको.

निवृत्त_औषधवाला
बरीच वर्षं औषधाच्या दुकानात काढली आहेत, म्हणून एक मुद्दा जोडतो. तोल जातो म्हटलं की घरात कॅल्शियमची बाटली येते. आधी औषधांची चाळणी लावा. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, विशेषतः अल्प्राझोलामच्या जातीच्या. रक्तदाबाच्या गोळ्या, त्यातही लघवी वाढवणाऱ्या. आणि पुरुषांमध्ये हमखास विसरली जाणारी टॅम्सुलोसिन, प्रोस्टेटसाठी रात्री घेतात ती. ही रक्तवाहिन्या सैल करते. रात्री दोनला लघवीला उठायचं, अंधार, आणि उभं राहिल्यावर रक्तदाब खाली. जोडी जमली की माणूस पडलाच.

हे मोजता येतं. आडवं असताना रक्तदाब घ्यायचा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांशी बोलायचं. बहुतेक ठिकाणी बसवूनच मोजतात, त्यामुळे हे सापडत नाही. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. झोपेची गोळी एकदम थांबवणं तर धोक्याचं. वेळ बदलून किंवा मात्रा कमी करून बरेचदा भागतं.

चांदणवेल
ड जीवनसत्त्वाच्या पुड्यांनी तोल सुधारतो म्हणतात. आमच्या सोसायटीत अर्धे लोक घेतात.

निवृत्त_औषधवाला
रक्तात खरोखर कमी असेल तर घ्या, डॉक्टरांनी सांगितलेल्या बेताने. सरसकट घेऊन पडणं टळत नाही. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस देऊन पाहिला होता, २०१० साली निष्कर्ष आला. गोळी घेणाऱ्या बायका न घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडल्या आणि हाडंही जास्त मोडली.

गारवेल
इथे दोन गोष्टींची सरमिसळ होऊ नये म्हणून लिहिते. माझ्या मावशीला "तोल जातो" म्हणून कितीतरी महिने चक्करची गोळी चालू होती. नीट विचारल्यावर कळलं की कुशीवर वळलं किंवा माळ्यावरचं काढायला मान वर केली की खोली गरगर फिरते, मिनिटभराच्या आत थांबते, आणि एरवी काही नाही. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी टेबलावर झटकन आडवं करून डोळ्यांची हालचाल बघितली आणि म्हणाले, कानातले कण जागचे हललेत. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक असतात. वयाबरोबर ते सुटतात आणि नलिकेत शिरतात. मग डोकं ठरावीक क्रमाने वळवत ते परत कोषात आणायचे. एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची ही युक्ती आहे. मावशी टेबलावरून उतरली ती हसत. पुढच्या वर्षी पुन्हा झालं, पुन्हा केलं.

म्हणून ज्येष्ठांना "चक्कर येते का" असं विचारू नका. "खोली फिरते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, की डोकं ठीक आणि पायच ऐकत नाहीत?" असं विचारा. तिन्हींची कारणं वेगळी.

वेखंड
गारवेल, तुमचं शेवटचं वाक्य छापून भिंतीवर लावावं असं आहे. पिंपळपार, बाबांचं वर्णन तिसऱ्या प्रकारात बसतंय. मधुमेह आहे म्हणता, तर तळपाय तपासले का? टाचेला खडा टोचलेला कळतो का? सपाता पायातून निसटलेल्या कळतात का? नाडीचे ठोके मोजतात तितक्या सहज होणारी तपासणी आहे, नायलॉनच्या धाग्याने (स्पर्श कळतो का) आणि ट्यूनिंग फोर्कने (ठोकल्यावर थरथरणारा धातूचा चिमटा, त्याचं कंपन कळतं का). मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर मज्जातंतूंना लागणारं बी १२ जीवनसत्त्वही बघून घ्या. ती गोळी बी १२ कमी करते, आणि आपण शाकाहारी असू तर आधीच आनंद.

दूरदेशी
मी मेलबर्नला असतो, आईबाबा आलटूनपालटून इकडे येतात. चष्म्याचा मुद्दा अजून कोणी काढला नाही. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्हमधून खाली बघितलं की आपण वाचायच्या भिंगातून बघतो. ते भिंग हाताभराच्या अंतरासाठी. पायरीची कड धूसर. इकडे यावर चाचणी झाली होती: नियमित बाहेर पडणाऱ्या ज्येष्ठांना बाहेर वापरायला फक्त लांबचा, एकाच नंबरचा चष्मा दिला, तर त्यांचं पडणं कमी झालं. गंमत म्हणजे जे फारसे घराबाहेर जात नव्हते, ते नव्या चष्म्याने बाहेर गेल्यावर तोल जाऊन जास्त वेळा पडले. त्यामुळे सगळ्यांना एकच सल्ला चालत नाही.

मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसणारेही आपल्याकडे खूप. ती जुनी पद्धत. आता दिसायला अडचण होऊ लागली की करून घेतात.

चांदणवेल
व्हॉट्सॲपवर आलंय की एका पायावर दहा सेकंद उभं राहता आलं नाही तर सात वर्षांत मृत्यू. कालपासून आमच्या कट्ट्यावर सगळे बगळे झालेत.

वेखंड
अरे देवा. मूळ अभ्यास ब्राझीलमधला, २०२२ चा. ५१ ते ७५ वयाचे १७०० च्या आसपास लोक. साधारण पाचातल्या एकाला दहा सेकंद जमलं नाही, आणि पुढच्या सरासरी सात वर्षांत त्या गटात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. पण त्या गटात मुळातच मधुमेह, हृदयविकार जास्त होते, आणि कोण किती व्यायाम करतं यासारख्या गोष्टी हिशोबात नव्हत्या. एका पायावर उभं न राहिल्यामुळे कोणी मेलं नाही. मंदावलेल्या शरीराचं ते एक लक्षण.

घरच्या घरी मला दुसरी चाचणी जास्त आवडते. खुर्चीवर बसवा, तीन मीटरवर खूण करा. उठून नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जायचं, वळायचं, येऊन बसायचं. १२ सेकंदांहून जास्त लागले तर तपासून घ्या. त्यात वळताना काय होतं तेही बघा. एका झटक्यात वळतात की पाच-सहा छोटी पावलं टाकत?

आणखी एक, यात पैसाही लागत नाही. चालता चालता काहीतरी विचारा. उत्तर द्यायला थांबावं लागत असेल तर लक्ष ठेवा. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये वृद्धांच्या निवासात हे पाहिलं होतं: बोलताना जे थांबत, त्यांच्यापैकी बहुतेक पुढच्या सहा महिन्यांत पडले. तरुणपणी चालणं आपोआप होतं, नंतर त्यासाठी मेंदूचं लक्ष खर्ची पडतं.

खडूस_काका
माझी बायको म्हणते मी बसल्या जागीही उत्तर देत नाही. धोका किती?

पिंपळपार
अपडेट. सगळ्यांचे आभार, यादी करूनच डॉक्टरांकडे गेलो होतो, या वेळी दुसऱ्या. उभं राहिल्यावर रक्तदाब उतरत नाही. अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्कचं कंपन अजिबात कळलं नाही, घोट्यावर थोडं. बी १२ बरंच कमी निघालं. मेटफॉर्मिन दहाएक वर्षांपासून आहेच. इंजेक्शनं सुरू केलीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की मज्जातंतूंचं झालेलं नुकसान सगळं भरून येईलच असं नाही, मधुमेहाचा वाटाही त्यात आहे, आणि जे येईल ते सावकाश. व्यायाम मात्र आजपासून सुरू करा म्हणाले.

आता घरचा पेच. आई म्हणते सकाळचं फिरणं बंद करा, पडलात तर कोण बघणार. बाबा म्हणतात फिरणं बंद केलं तर मी काय करू. काल त्यावरून दोघं बोलत नव्हते.

रानभूल
पिंपळपार, आईंची भीती समजते, पण आमच्याकडे नेमकं हेच केलं आणि फार महागात पडलं. सासरे एकदा घसरले, लागलं नव्हतं काहीच. सगळ्यांनी मिळून त्यांना "बसा, आम्ही आणून देतो" केलं. वर्षभरात पाय इतके बारीक झाले की आता खुर्चीतून उठतानाच लटपटतात.

वेखंड
रानभूल यांनी लिहिलंय ते मी दर आठवड्याला बघते. भीतीने माणूस कमी चालतो, पावलं आखूड टाकतो, अंग ताठ ठेवतो, नजर पायांशी खिळवतो, आणि त्यामुळेच आणखी पडतो. बाबांना फिरू द्या. उजाडल्यावर जाऊ द्या, पहाटेच्या अंधारात नको.

काठी हवी असेल तर उंची मनगटाच्या घडीपर्यंत, हात सैल सोडून उभं असताना. एक पाय दुखरा असेल तर काठी विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी म्हणजे म्हातारपण म्हणून छत्री टेकत फिरणारे पुण्यात खूप दिसतात. छत्रीचं टोक फरशीवर सरळ सरकतं. रबरी बूच असलेली काठीच घ्या.

व्यायाम सांगते, पण एकदा कोणाकडून तरी समोर बघून घ्या. न्यूझीलंडमधल्या ओटॅगो विद्यापीठाचा घरी करायचा कार्यक्रम प्रसिद्ध आहे, त्याच धर्तीवर. ओट्याला धरून टाचा उचलणं, मग चवडे उचलणं. ओट्याच्या कडेने आडवं चालणं. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभं राहणं, जमलं की तसंच चालणं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, उठताना जोरात, बसताना हळू. आठवड्यातून तीनदा अर्धा तास. सोपं वाटायला लागलं की आधार कमी करायचा. दोन हात, एक हात, दोन बोटं. अजिबात डगमगायला होत नसेल तर व्यायाम फार सोपा आहे असं समजा. फरक दिसायला दोन-तीन महिने धरा, आणि सोडला की मिळवलेलं जातं.

एक मात्र वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. तोल अचानक, तासाभरात गेला, सोबत तोंड वाकडं, जीभ जड किंवा एक हात लुळा असेल तर व्यायाम नाही, तडक रुग्णालय. पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलत नाहीत, सोबत लघवीवर ताबा नाही आणि विसराळूपणा वाढलाय, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. मेंदूतलं पाणी साचण्याचा एक प्रकार असतो, तो शस्त्रक्रियेने सुधारू शकतो, आणि "वय झालं" म्हणून सुटून जातो. शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली आणि चालही बिघडली, तर मानेत मज्जारज्जू दबलाय का ते तपासा.

सोनटक्का
बाथरूममध्ये आधाराला टॉवेलचा दांडा चालतो ना? मुंबईला नणंदेकडे तोच धरतात सगळे.

वेखंड
नाही! तो टॉवेलचंच वजन पेलायला असतो. आधाराचा दांडा वेगळा मिळतो, स्टीलचा, खरबरीत पकडीचा. टाइलला चिकटवायचे व्हॅक्यूमवाले नकोत. ड्रिल करून पक्क्या भिंतीत बसवा, एक कमोडच्या बाजूला, एक अंघोळीच्या जागी. बसवल्यावर स्वतः पूर्ण वजन टाकून ओढून बघा.

पिंपळपार
आई-बाबा बोलायला लागलेत. तडजोड अशी ठरली की फिरणं चालू, पण आईही सोबत जाणार. बाबांचा वेखंड यांना थेट प्रश्न: दात घासताना बेसिनला धरून एका पायावर उभं राहिलं तर चालेल का? तेवढाच वेळ वाचतो.

वेखंड
काकांना सांगा, कल्पना चांगली, बेसिन नको. भिंतीतून सुटून पायावर येतं, बघितलंय. शिवाय ओली फरशी, तोंडात ब्रश, मान खाली. चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून करा. चहा काकांनीच करायचा, म्हणजे रोज होईल.